अग्निबाणाची तयारी आणि ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता, फार तर कारखान्यातले अपघात यांवर बोलावे. अग्निबाण आणि उपग्रह यांच्याशी त्याचा संबंध काय? त्याला माझे उत्तर साधे आहे. उपग्रह आकाशात सोडणे हे जितके गणित जाणणाऱ्याचे काम, तितकेच ते वेल्डरचे, फिटरचे, क्रेन चालविणाऱ्याचे आणि रसायनाच्या टाकीवर उभ्या असलेल्या माणसाचे काम आहे. उड्डाणाच्या दिवशी आपण दूरदर्शनच्या पडद्यावर धूर आणि ज्वाळा पाहतो, दहापासून शून्यापर्यंतचे आकडे ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. तो सोहळा सोळा-सतरा मिनिटांत आटोपतो. त्याच्या मागे महिनोन्‌महिने चाललेली तयारी मात्र कोणी पाहत नाही. ती तयारी कशी होते, तिची शिस्त कोणती, आणि त्या शिस्तीचे मर्म कशात आहे, एवढेच मी आज सांगणार आहे. मर्म एका शब्दात सांगायचे तर तो शब्द आहे ‘थांबा’. हा शब्द योग्य वेळी कोणी उच्चारावा, आणि उच्चारला तर तो कोणी ऐकावा, यावर अग्निबाणाचे आणि त्याच्याभोवती राबणाऱ्या माणसांचे भवितव्य ठरते.

एवढा अवजड कशासाठी?

उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये श्रीहरिकोटा नावाचे बेट आहे. तेथून पहिला लहानसा अग्निबाण ९ ऑक्टोबर १९७१ रोजी सुटला. आज त्याच बेटावरून भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजे आपण जिला इस्रो म्हणतो ती, एलव्हीएम-३ नावाचा आपला सर्वांत अवजड अग्निबाण सोडते. त्याची उंची ४३.५ मीटर, म्हणजे चौदा मजली इमारतीएवढी. आणि उड्डाणाच्या क्षणी वजन सुमारे ६४० टन, म्हणजे कोळशाने भरलेल्या मालगाडीच्या आठ वाघिणींएवढे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याने सीएमएस-०३ हा ४,४१० किलोचा दळणवळण उपग्रह वर नेला. आता हिशेब करा. मंचावर उभ्या असलेल्या दर शंभर किलोंमागे उपग्रहाचे वजन भरते अवघे सातशे ग्रॅम. बाकीचे सगळे कशासाठी?

त्याचे कारण असे. उपग्रहाला नुसते उंच नेऊन भागत नाही, त्याला वेग द्यावा लागतो. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत टिकून राहायचे तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग हवा. आणि छत्तीस हजार किलोमीटरांपर्यंत जाणाऱ्या लांबट कक्षेत जायचे तर सेकंदाला दहा किलोमीटरांहून जास्त. एवढा वेग द्यायला पुष्कळ इंधन लागते. त्यात वर हवा नाही, म्हणून इंधन जाळायला लागणारा प्राणवायूही बरोबरच न्यावा लागतो. मग ते इंधन उचलायला आणखी इंधन लागते. गावाला निघालेल्या माणसाने शिदोरी घ्यावी, शिदोरी उचलायला गडी घ्यावा आणि गड्यासाठी पुन्हा शिदोरी घ्यावी, तसा हा प्रकार आहे. यावर उपाय एकच: जे रिकामे झाले ते वाटेतच टाकून द्यायचे. म्हणून अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा करतात. एलव्हीएम-३ चे टप्पे तीन. दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन प्रचंड खांब, मध्ये द्रव इंधनाचा गाभा, आणि त्याच्या डोक्यावर अतिशीत इंधनाचा टप्पा.

या तिन्ही टप्प्यांत सुमारे साडेपाचशे टन ज्वालाग्राही द्रव्य एका जागी उभे असते. माणसे त्याच्या शेजारी उभी राहून काम करतात. तयारीचा सारा विचार या एका वस्तुस्थितीपासून सुरू होतो.

तीन टप्पे, तीन प्रकारचे काम

पहिले काम ओतकामाचे. बाजूच्या प्रत्येक खांबात सुमारे दोनशे पाच टन घन इंधन असते. अमोनियम पर्क्लोरेट नावाचे प्राणवायू पुरविणारे क्षार, अॅल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखे चिकट द्रव्य यांचा दाट लगदा करतात, तो पोलादी नळकांड्यात ओततात, आणि ऊब देऊन कित्येक दिवस घट्ट होऊ देतात. एक खांब तीन खंडांत ओततात. त्यातल्या मधल्या खंडात एकट्यात सुमारे ९७ टन इंधन मावते. हे ओतकाम श्रीहरिकोट्यालाच होते, कारण इतका अवजड आणि धोक्याचा माल रस्त्याने दूर नेणे शहाणपणाचे नाही. पोलादी नळकांडी मात्र दूरच्या कारखान्यांत होतात. त्यांपैकी काही पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झालेली आहेत.

इंधन घट्ट झाले की त्याची क्ष-किरणांनी तपासणी होते. तपासतात काय, तर आत एखादी चीर, एखादा बुडबुडा राहिला आहे का. आपल्याला वाटेल, एवढ्या डोंगरात केसाएवढी चीर असली तर काय बिघडले? पण घन इंधन जळते ते पृष्ठभागावर. चीर पडली की जळणारा पृष्ठभाग वाढला. पृष्ठभाग वाढला की वायू जास्त. वायू जास्त की दाब जास्त. आणि पोलादाला पेलण्यापलीकडे दाब गेला की सारे फुटले. शिवाय तीन खंड एकमेकांना जोडतात ते सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले असतात. घरातल्या कुकरच्या झाकणातली रबरी रिंग ज्या कामाची, त्याच कामाची ही कडी. या कड्यांची आठवण ठेवावी. पुढे त्यांची गोष्ट येणार आहे.

दुसरे काम द्रव इंधनाचे. मधल्या गाभ्यात विकास नावाची दोन इंजिने असतात. हे इंजिन फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनावरून शिकून आपल्या लोकांनी घडविले, आणि ते बनविण्याच्या कामात मुंबईतल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा मोठा वाटा आहे. त्यात एका टाकीत हायड्रॅझिन जातीचे इंधन आणि दुसऱ्या टाकीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड, अशी मिळून एकशे दहा टनांहून अधिक द्रव्ये भरतात. या जोडीला ठिणगीही लागत नाही. एकमेकांना भेटली की पेटली. दोन्ही विषारी. त्यामुळे ती भरणारी माणसे अंगभर बंद पोशाख घालून, वेगळी हवा घेऊन काम करतात.

हे नायट्रोजन टेट्रॉक्साइड येते कोठून? रायगड जिल्ह्यातल्या रसायनी येथील हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कारखान्यात ते तयार होत असे. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. मात्र नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा तेवढा विभाग चालू ठेवून इस्रोकडे सोपविण्याचे ठरले, कारण तो थांबला तर अग्निबाण अडतो. ताळेबंदात तोट्याचा ठरलेल्या कारखान्याचा एक कोपरा देशाच्या आकाशयानाला लागत होता. कोणते काम मोलाचे आणि कोणते नाही, हे नुसत्या ताळेबंदावरून ठरवू नये, एवढाच बोध मी त्यातून घेतो आणि पुढे जातो.

तिसरे काम अतिशीत टप्प्याचे. यात द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर आणि द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांवर असे सुमारे २८ टन भरतात. हायड्रोजनच्या नळीत थोडी साधी हवा राहिली तरी ती त्या थंडीत गोठून दगडासारखी होते आणि झडप अडवते. म्हणून आधी हेलियम वायूने नळ्या आणि टाक्या धुऊन काढाव्या लागतात. नंतर सारी धातूची अंगे हळूहळू थंड करतात. तापलेल्या काचेच्या पेल्यात एकदम बर्फाचे पाणी ओतले तर काय होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भरल्यानंतरही हे द्रव उकळून उडत राहते, म्हणून उड्डाणाच्या अगदी जवळच्या वेळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा भरत राहावे लागते.

जुळणी आणि उलटी मोजणी

आता हे तिन्ही एकत्र कसे येतात ते पाहू. रुळांवर चालणारा एक प्रचंड पोलादी चौथरा असतो. त्यावर प्रथम घन इंधनाचे दोन खांब खंडावर खंड रचून उभे करतात. मग जुळणीच्या उंच इमारतीत, तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीहून तपासून आलेला द्रव इंधनाचा गाभा क्रेनने उचलून त्या दोहोंमध्ये बसवितात. त्यावर अतिशीत टप्पा येतो. प्रत्येक जोडणीनंतर तपासणी होते: विजेची तार जोडली गेली की नाही, नळी गळते की नाही, झडप सांगितल्याबरोबर उघडते की नाही, तोटी वळविली तर वळते की नाही. एका माणसाने पाना फिरवायचा, दुसऱ्याने तो किती जोराने फिरला हे मोजायचे, तिसऱ्याने वहीत नोंदवून सही करायची.

उपग्रहाची तयारी निराळ्या इमारतीत, धूळ नसलेल्या खोलीत होते. त्याच्या स्वतःच्या टाक्यांत इंधन भरतात, त्याला अग्निबाणाच्या माथ्यावर बसवितात आणि पाच मीटर व्यासाच्या दोन पाकळ्यांच्या टोपणात बंद करतात. हवेतून जाताना उपग्रहाला घर्षणाची झळ लागू नये म्हणून हे टोपण. हवा विरळ झाली की ते उघडून गळून पडते. मग सारा डोलारा रुळांवरून सावकाश उड्डाणाच्या मंचावर नेतात.

त्यानंतर जाणत्या लोकांची बैठक बसते. प्रत्येक विभागाचा प्रमुख आपल्या कामाचा अहवाल मांडतो. कोणत्या चाचणीत काय निघाले, कोणता भाग का बदलला, कोणती शंका कशी मिटली, याची उलटतपासणी होते. सगळ्यांचे समाधान झाले तरच उड्डाणाला मंजुरी मिळते आणि उलटी मोजणी सुरू होते. एलव्हीएम-३ ची उलटी मोजणी चोवीस तासांच्या आसपास असते. चांद्रयान-३ च्या वेळी, म्हणजे जुलै २०२३ मध्ये, ती साडेपंचवीस तासांची होती. एवढ्या वेळात द्रव इंधने ठरलेल्या क्रमाने भरतात, आणि जसजसे इंधन भरत जाते तसतशी माणसे मंचापासून दूर होत जातात. शेवटच्या काही मिनिटांत सूत्रे संगणकाकडे जातात. तोही एकामागून एक शेकडो मापे पाहतो आणि एखादे चुकले तर मोजणी आपण होऊन थांबवितो.

येथे एक शंका निघेल. इतकी तपासणी झाली, मग शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याची सोय कशाला? तिचे उत्तर घन इंधनाच्या स्वभावात आहे. द्रव इंधनाच्या इंजिनाची झडप बंद केली की ते विझते. घन इंधन एकदा पेटले की जळून संपेपर्यंत विझत नाही. दिवाळीतल्या बाणाची वात पेटल्यावर तो परत घेता येत नाही, तसेच हे. एलव्हीएम-३ मंचावरून उठतो तो केवळ या दोन घन खांबांच्या जोरावर. मधला द्रव गाभा पेटतो तो आकाशात, दीड-पावणेदोन मिनिटांनंतर. म्हणजे पेटविण्याची आज्ञा झाली की परतीची वाट नाही. जे काही ‘थांबा’ म्हणायचे असेल, ते त्याआधी म्हटले पाहिजे.

थांबले म्हणून वाचले

आपल्या देशात हे किती वेळा उपयोगी पडले, याची तीन उदाहरणे देतो.

२८ मार्च २००१ रोजी जीएसएलव्ही या अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण होते. त्याची रचना निराळी. त्याच्या बाजूची चार द्रव इंधनाची इंजिने, मधले घन इंधन पेटण्यापूर्वी काही सेकंद पेटतात. ती पेटली, पण चारांपैकी एकाचा जोर पुरेसा वाढला नाही. संगणकाने ते ओळखले आणि उड्डाणाला जेमतेम एक सेकंद उरला असताना सारे बंद केले. घन गाभा पेटला नव्हता, म्हणून अग्निबाण जागच्या जागी उभा राहिला. दोष दुरुस्त करून तोच अग्निबाण १८ एप्रिलला उडाला.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी जीएसएलव्हीच्याच दुसऱ्या उड्डाणाच्या ७४ मिनिटे आधी दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळत असल्याचे दिसले. मोजणी थांबविली. भरलेले इंधन काढले, अग्निबाण परत इमारतीत नेला, तो टप्पाच बदलला आणि नव्या टाकीचा धातूही बदलला. ५ जानेवारी २०१४ रोजी तो यशस्वीपणे उडाला, आणि आपल्या देशी अतिशीत इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण म्हणून त्या दिवसाची नोंद झाली. साडेचार महिन्यांचा उशीर झाला. पण त्या उशिराने जे मिळविले ते घाईने धुळीला मिळाले असते.

तिसरे उदाहरण १५ जुलै २०१९ चे. चांद्रयान-२ एलव्हीएम-३ च्या माथ्यावर बसले होते. पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उड्डाण व्हायचे. राष्ट्रपती श्रीहरिकोट्यात हजर, सारा देश जागा. ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असताना मोजणी थांबली. अग्निबाणात दोष आढळला, उड्डाण पुढे ढकलले, असे इस्रोने जाहीर केले. राष्ट्रपती आले तसे परत गेले. आठवड्याने, २२ जुलैला, दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी तोच अग्निबाण उडाला आणि त्याने यान कक्षेत सोडले. पुढे सप्टेंबरात त्या मोहिमेतले उतरणारे यान चंद्रावर आदळले हे खरे. पण त्याचा या थांबण्याशी काही संबंध नव्हता. मला त्या रात्रीचे मोल यात वाटते की, देशाचा प्रथम नागरिक समोर बसला असताना मापकाचा काटा जे सांगत होता तेच मानले गेले.

थांबले नाहीत तेव्हा

ही शिस्त आकाशातून पडली नाही. ती फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे.

घरचेच उदाहरण आधी. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण झाले. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. शेवटच्या टप्प्यात संगणकाने थांबण्याची सूचना दिली. नियंत्रणासाठी लागणारे द्रव गळत होते. जाणकारांनी सांगितले की साठा पुरेसा आहे, आणि सूचना बाजूला सारून उड्डाण करण्यात आले. अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. कलामांनी ही हकीकत पुढे स्वतःच जाहीरपणे अनेकदा सांगितली. त्याबरोबर ते दुसरीही गोष्ट सांगत. संस्थेचे प्रमुख सतीश धवन त्या दिवशी वार्ताहरांपुढे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० ला यश आले तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. मला वाटते, पुढच्या चाळीस वर्षांत ‘थांबा’ म्हणण्याचे जे धैर्य तेथील माणसांना आले, त्याचे मूळ या वागणुकीतही आहे. जेथे अपयशाचे खापर खालच्याच्या डोक्यावर फुटते, तेथे खालचा माणूस दोष दाखवीत नाही, तो लपवितो.

दुसरे उदाहरण सोव्हिएत संघातले. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकानूरच्या तळावर आर-१६ नावाचे नवे लष्करी क्षेपणास्त्र उभे होते. ७ नोव्हेंबरच्या क्रांतिदिनापूर्वी ते उडालेच पाहिजे, अशी निकड होती. आदल्या दिवशी गळती आढळली होती. इंधन काढून घेऊन दुरुस्ती करणे हा सरळ मार्ग. पण त्यात वेळ गेला असता. म्हणून इंधनाने भरलेल्या क्षेपणास्त्रावरच दुरुस्ती चालू ठेवली. स्वतः मार्शल नेदेलिन मंचाजवळ खुर्ची टाकून बसले होते. मग इतरांनी दूर कसे जावे? दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अवेळी पेटले आणि खालच्या टप्प्याच्या टाक्या फुटल्या. नेदेलिन यांच्यासह सत्तरहून अधिक माणसे जळून मेली. श्रमिकांच्या राज्यात श्रमिकांचा असा होरपळून अंत झाला, आणि ती बातमी १९८९ पर्यंत दडविली गेली. कामगार चळवळीतल्या आम्हा लोकांनी हे उदाहरण विसरू नये. झेंड्याचा रंग बदलल्याने इंधनाचा स्वभाव बदलत नाही.

तिसरे अमेरिकेतले, भांडवलशाहीच्या माहेरघरातले. २८ जानेवारी १९८६ ची सकाळ फ्लोरिडात कडक थंडीची होती. चॅलेंजर या यानाच्या घन इंधनाच्या खांबांत तीच रबरी कडी होती, जिची आठवण ठेवा म्हणून मी म्हटले. थंडीत रबर ताठरते आणि सांधा नीट मिटत नाही. आदल्या रात्री ते खांब बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या रॉजर बोईजोली आणि इतर अभियंत्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत आकडे मांडून सांगितले की, एवढ्या थंडीत उडवू नका. गिऱ्हाईक नाराज झाले. मग कंपनीच्या वरिष्ठांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून आपापसांत विचार केला आणि होकार कळविला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. ‘थांबा’ हा शब्द तेथे उच्चारला गेला होता, पुराव्यासह उच्चारला गेला होता. पण तो उच्चारणाऱ्याच्या हाती थांबविण्याचा अधिकार नव्हता.

यांशिवाय ब्राझीलमध्ये अल्कांतारा येथे २२ ऑगस्ट २००३ रोजी मंचावरच्या अग्निबाणाचा एक घन खांब अवेळी पेटला आणि उड्डाणाची तयारी करणारे २१ जण एका क्षणात गेले. आपल्या श्रीहरिकोट्यातही २३ फेब्रुवारी २००४ रोजी घन इंधनाच्या विभागात आग लागून सहा जणांचा बळी पडला. त्या दिवशी कोणतेही उड्डाण नव्हते, कोणी आकडे मोजत नव्हते. अंतराळवीरांची नावे शाळेच्या पुस्तकांत येतात. तयारीत मेलेल्यांची येत नाहीत.

त्यातून आपण काय घ्यावे?

कोणी म्हणेल, असे ज्याने त्याने थांबा म्हणत सुटले तर काम कधी व्हायचे? ही शंका रास्त आहे. पण श्रीहरिकोट्याची रीत पाहिली तर तिचे उत्तर मिळते. तेथे थांबणे हे लहरीवर सोडलेले नाही. कोणते माप किती असावे हे आधी लिहून ठेवलेले असते. ते माप पाहणारा माणूस नेमून दिलेला असतो. माप चुकले तर त्याने ते सांगितलेच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. ते सांगितल्यावर मोजणी पुढे जात नाही. आणि थांबल्यानंतर पुढे काय करायचे, इंधन कसे काढायचे, माणसे कोठे न्यायची, हेही आधीच ठरलेले असते. अशा चौकटीत थांबले की काम बिघडत नाही. ते पुढे धडपणे होते. २००१, २०१३ आणि २०१९ ही तिन्ही वर्षे याला साक्षी आहेत.

आता आपल्या गावच्या कारखान्यांकडे पाहा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. जिवाला निकट धोका दिसला तर तो थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत व्यवस्थापकाच्या नजरेस आणण्याचा हक्क धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी संहिता अमलात आली, तिच्यातही हा सांगण्याचा हक्क आहे. सांगण्याचा आहे. यंत्र थांबविण्याचा निर्णय कामगाराच्या हाती नाही. चॅलेंजरच्या आदल्या रात्री बोईजोली जेथे उभा होता, तेथेच आपला प्रेसवरचा किंवा बॉयलरवरचा कामगार आजही उभा आहे. त्यातही जो कंत्राटी आहे, ज्याला उद्या कामावर घेतील की नाही याची शाश्वती नाही, त्याच्या तोंडून ‘थांबा’ हा शब्द निघणार कसा? ज्याच्या डोळ्यांना गळती प्रथम दिसते, त्याचीच जीभ बांधलेली, असा हा उफराटा प्रकार आहे. तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभा राहून मी अनेक मागण्या लिहिल्या. पण पगारवाढीच्या मागणीइतक्याच जोराने ही मागणी लिहिली पाहिजे, असे मला आता वाटते: धोका दिसला की मोजमापाच्या आधाराने काम थांबविण्याचा अधिकार, आणि थांबविणाऱ्याच्या भाकरीला संरक्षण.

अग्निबाणासाठी आपण ही रीत पाळतो, कारण तेथे चूक झाली तर साऱ्या जगाला दिसते. शहराबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये चूक झाली तर चौथ्या पानावर चार ओळी येतात. दोन्हीकडे लागणारी शहाणीव मात्र एकच आहे, आणि ती आपल्या देशात आहे हे श्रीहरिकोट्याने सिद्ध केले आहे. ती विकत आणायची नाही, परदेशातून शिकून यायची नाही. पुढच्या वेळी उलटी मोजणी चालू असताना मध्येच थांबली आणि उड्डाण पुढे ढकलले अशी बातमी आली, तर हळहळू नका. कोणीतरी आपल्या मापकाकडे नीट पाहिले, जे दिसले ते सांगितले, आणि ते ऐकले गेले, असे समजा. आणि दुसऱ्या दिवशी आपण जेथे काम करतो तेथे असे सांगता येते का, आणि सांगितले तर ऐकतात का, याची चौकशी करा.